कॉलन्या येतात, पण इन्सर्ट नसतो: पेट-२८एमधलं क्लोनिंग कागदावर कसं आखावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मातीतून वेगळ्या केलेल्या बॅसिलस या जिवाणूचा ६३९ बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) लायपेज जीन, म्हणजे चरबी फोडणाऱ्या एन्झाइमचा जीन, पेट-२८ए या वेक्टरमध्ये (जीन वाहून नेणाऱ्या गोल डीएनएत, म्हणजे प्लाझ्मिडमध्ये) एनडीई-वन आणि एक्सएचओ-वन या दोन साइट्सच्या मध्ये बसवायचा आहे; साइट म्हणजे त्या नावाचं एन्झाइम डीएनए जिथे कापतं ती जागा. पीसीआरचा बँड एकटा आणि ठसठशीत येतो. चार वेळा लायगेशन, म्हणजे कापलेली टोकं लायगेज एन्झाइमने जोडणं, झालं. दर वेळी कॅनामायसिनच्या प्लेटवर (या अँटिबायोटिकवर वेक्टर असलेले जिवाणूच वाढतात) तीस-चाळीस कॉलन्या आल्या आणि मिनीप्रेप, म्हणजे कॉलनीतून काढलेलं प्लाझ्मिड, कापून पाहिला तर सगळे वेक्टर रिकामे, इन्सर्ट (बसवायचा जीन) कुठेच नाही. गाईड म्हणतात लायगेज बदला. मग कोणत्या कंपनीचं घेऊ?

कोणतंही घ्या. टी-४ लायगेज असावं आणि त्याचा बफर दहा वेळा वितळवून परत गोठवलेला नसावा, कारण त्यातला एटीपी अशाने मरतो. एवढं पाहिलं की लायगेजकडून मागण्यासारखं काही उरत नाही. तुम्ही प्रायमर (पीसीआर जिथून सुरू होतो ते डीएनएचे छोटे तुकडे) आणि जीनचा सिक्वेन्स दोन्ही दिलेत हे फार बरं केलंत, कारण अडचण तिथेच आहे. लायगेज बदलणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

तुमचा फॉरवर्ड प्रायमर सुरूच होतो सीएटी एटीजीने, म्हणजे एनडीई-वनच्या साइटने. रिव्हर्स सुरू होतो सीटीसी जीएजीने, म्हणजे एक्सएचओ-वनने. दोन्हींच्या आधी एकही जादा बेस नाही. साइट डीएनएच्या अगदी कडेला आली की एन्झाइमला बसायला जागा राहत नाही. सुपारीचा शेवटचा कपचा अडकित्त्यात धरवत नाही ना, तसंच. साइट ओळखण्यासाठी सहा बेस पुरतात, पण एन्झाइम त्या सहांच्या दोन्ही बाजूंना थोडं टेकलेलं असतं. एका बाजूला डीएनएच संपला तर ते नीट पकड घेत नाही. एनडीई-वन या बाबतीत जुन्या काळापासून बदनाम आहे. म्हणूनच जुन्या लोकांच्या प्रायमरमध्ये जीजीएएटीटीसी आणि मग सीएटीएटीजी अशी शेपटी वारंवार दिसते: आधी सात बेस, मग साइट.

म्हणजे तुमच्या पीसीआर प्रॉडक्टची टोकं कापलीच गेली नाहीत. जेलवर ते कळणार नव्हतं, कारण टोकाचे दोन-चार बेस गेले काय आणि राहिले काय, बँड जिथल्या तिथेच दिसतो. कॉलम करून शुद्ध केलेला, नॅनोड्रॉपवर छान आकडा देणारा, पण जोडायला टोकच नसलेला डीएनए तुम्ही चार वेळा लायगेशनमध्ये घातलात.

मग तीस-चाळीस कॉलन्या कुठून आल्या? दोन्ही एन्झाइमनी नीट कापलेलं वेक्टर स्वतःशी जुळू शकत नाही. एनडीई-वनच्या टोकाला टीए लोंबतं आणि एक्सएचओ-वनच्या टोकाला टीसीजीए; त्यांचं एकमेकांशी जमत नाही. तेव्हा त्या कॉलन्या न कापलेल्या किंवा एकाच जागी कापलेल्या वेक्टरच्या आहेत. पेट-२८ए ५३६९ बेसचा आहे. एनडीई-वन आणि एक्सएचओ-वन यांच्यामधून निघणारा तुकडा जेमतेम ८० बेसचा. एकदा कापलेलं ५३६९ आणि दोनदा कापलेलं ५२९० हे एक टक्का जेलवर शेजारी चालवून ओळखून दाखवणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. सगळे लिनियर बँड पाहतात, ‘कट झालं’ म्हणतात आणि पुढे जातात.

यावर आमच्या लॅबमध्ये एक साधा उपाय चालतो. रिकामं वेक्टर कापण्याऐवजी त्याच दोन साइट्समध्ये आधीच कुणाचा तरी हजारभर बेसचा जीन बसलेला असेल, असं जुनं प्लाझ्मिड घ्यायचं आणि ते कापायचं. हजाराचा तुकडा खाली पडलेला डोळ्यांनी दिसतो, म्हणजे दोन्ही एन्झाइम चालली. वरचा बँड कापून घ्यायचा. कुठल्याही लॅबच्या उणे वीसच्या फ्रीझरमध्ये असा सोडून गेलेल्या सिनियरचा क्लोन असतोच. मात्र तो थोडा जरी न कापता राहिला, तर कॉलनीत त्याचा जीन निघेल. तो तुमच्या जीनपेक्षा वेगळ्या लांबीचा आहे ना, तेवढं आधी पाहून ठेवा.

आणि पुढच्या वेळी लायगेशनच्या प्लेटशेजारी दोन प्लेट जास्त ठेवा. एक कापलेल्या वेक्टरची, लायगेजशिवाय. दुसरी कापलेलं वेक्टर आणि लायगेज, पण इन्सर्टशिवाय. पहिलीवर कॉलन्या आल्या तर न कापलेलं प्लाझ्मिड शिल्लक आहे. पहिली स्वच्छ आणि दुसरी भरलेली असेल तर एकाच एन्झाइमने काम केलंय आणि वेक्टर परत मिटतोय. या दोन प्लेट पहिल्याच वेळी असत्या तर पुढची तीन लायगेशनं वाचली असती. हे तुमच्याइतकंच तुमच्या गाईडनाही लागू आहे.

आता खरी काळजीची गोष्ट. प्रायमरच्या टोकाला सहा बेस चिकटवून तुम्ही नवे प्रायमर मागवले असते तरी काम झालं नसतं. तुम्ही दिलेल्या सिक्वेन्समध्ये २२० च्या आसपास आतच एक सीएटीएटीजी आहे. टोकं नीट कापली जाऊ लागली तरी जीन मधूनही कापला जाणारच.

हा सापळा मला चांगला ठाऊक आहे, कारण मी त्यात पडले आहे. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मला जेलीफिशचा मूळ जीएफपी (हिरव्या चमकणाऱ्या प्रोटीनचा) जीन याच वेक्टरमध्ये, याच दोन साइट्समध्ये घालायला दिला होता. ७१७ बेसचा जीन, काम सोपं. कॉलन्या आल्या, मिनीप्रेप कापला तर इन्सर्टही पडला. फक्त तो पाचशेच्या खुणेच्या किंचित खाली पडला. मी मनाशी ठरवलं की जेल वाकडं चाललंय. सरांनीही लॅडरकडे (जेलवर लांबी दाखवणाऱ्या खुणांकडे) पाहून मान हलवली. बीएल-२१ या प्रोटीन बनवायच्या ई. कोलाय जातीत घालून आयपीटीजी (प्रोटीन बनवणं सुरू करणारं रसायन) दिलं, तर प्रोटीन तपासायच्या एसडीएस जेलवर जाडजूड बँड! आम्ही चहा मागवला. पेशी मात्र काही केल्या हिरव्या होईनात. बँडही २९ किलोडाल्टनऐवजी वीसच्या आसपास होता.

मूळ जीएफपीमध्ये ७७ वं अमिनो आम्ल हिस्टिडिन आणि ७८ वं मेथिओनिन आहे. त्यांचे कोडॉन (एका अमिनो आम्लाची तीन बेसची तिकडी) सीएटी आणि एटीजी. शेजारी शेजारी ठेवले की झाली एनडीई-वनची साइट. माझा जीन तिथे तुटला होता आणि तिथपासून शेवटपर्यंतचा ४९० बेसचा तुकडा वेक्टरमध्ये अगदी व्यवस्थित जाऊन बसला होता, कारण त्याच्या एका टोकाला एनडीई-वन आणि दुसऱ्या टोकाला एक्सएचओ-वन होतंच. वर फ्रेमही, म्हणजे तिकड्या कुठून मोजायच्या तेही, जुळली. त्यामुळे वेक्टर प्रोटीनच्या सुरुवातीला लावतो त्या टॅगसकट अर्धवट प्रोटीन भरभरून तयार झालं. एन्झाइमनी जे सांगितलं तेच केलं, सांगणारीच चुकली. जीनमध्ये एनडीई-वन शोधायला वर्ड फाईलमध्ये कंट्रोल-एफ दाबणं पुरलं असतं. (अलीकडच्या ईजीएफपीत कोडॉन बदलल्यामुळे त्या जागी सीएसी एटीजी आहे, त्यामुळे ती साइट नाही. नाव जवळपास तेच, जीन वेगळा. ‘आमच्याकडे तर झालं होतं’ असं कुणी सांगितलं तर कोणता जीएफपी, हे विचारा.)

तेव्हा टोकं दुरुस्त करण्याआधी अख्खं काम पुन्हा आखू या. मी आखताना जीनपासून सुरुवात करत नाही. शेवटी हातात कोणतं प्रोटीन हवं, ते अमिनो आम्लांच्या अक्षरांत आधी लिहिते आणि तिथून मागे येते.

तुमचा लायपेज ६३९ बेसचा, म्हणजे २१२ अमिनो आम्लं आणि एक स्टॉप (प्रोटीन संपवणारा कोडॉन). ही लांबी बॅसिलस सबटिलिसच्या लिप-ए जीनशी तंतोतंत जुळते आणि तुमचा सिक्वेन्सही त्याच्या जवळचा दिसतो. लिप-ए पेशीबाहेर पाठवला जाणारा लायपेज आहे. त्याची पहिली ३१ अमिनो आम्लं म्हणजे सिग्नल पेप्टाइड, पेशीबाहेर जायचं तिकीट. बाहेर पडताना ते कापलं जातं आणि काम करणारा लायपेज १८१ अमिनो आम्लांचा, सुमारे १९ किलोडाल्टनचा उरतो. तुम्ही पहिल्या एटीजीपासून (प्रोटीन जिथून सुरू होतं त्या कोडॉनपासून) सगळा जीन घेतला आहे. त्याच्या पुढे हिस-टॅग (सहा हिस्टिडिनचा तुकडा, ज्यामुळे प्रोटीन निकेलला चिकटतं आणि वेगळं करता येतं) लावलात तर दोनपैकी काहीतरी होईल. ई. कोलाय ते सिग्नल ओळखून कापेल आणि त्यासोबत तुमचा टॅगही जाईल. निकेलच्या कॉलमला काहीच चिकटणार नाही. किंवा ओळखणार नाही आणि पाण्याला घाबरणारा तो लांबलचक भाग प्रोटीनला चिकटून राहील आणि सगळं गुठळ्यांच्या रूपात तळाशी जाईल. त्यामुळे सिग्नल वगळा. जीन ३२ व्या कोडॉनपासून घ्या, जिथे अ‍ॅलनिन, ग्लुटामेट, हिस्टिडिन अशी सुरुवात होते. तुमच्या आयसोलेटमध्ये कापण्याची जागा एक-दोन अक्षरांनी सरकलेली असू शकते, म्हणून सिग्नल-पी या मोफत साधनावर आपला सिक्वेन्स घालून खात्री करा.

आता इन्सर्ट उरला १८१ कोडॉन आणि स्टॉप, म्हणजे ५४६ बेस. ‘पण मग एटीजी कुठे गेला?’ हा पुढचा प्रश्न येतोच. गरज नाही. पेट-२८एमध्ये हिस-टॅगची सुरुवात वेक्टरच्याच एटीजीने होते. तुमचा जीन त्या वाक्याच्या मध्यात जोडला जातो. नवं वाक्य सुरू करायचं नाहीये, चालू वाक्य बरोबर फ्रेममध्ये पुढे न्यायचं आहे.

आत एनडीई-वन आहे, म्हणून दुसरी साइट हवी. वेक्टरचा नकाशा उघडा. एनडीई-वनला लागूनच एनएचई-वन आहे: सीएटी एटीजी जीसीटी एजीसी. फ्रेम तीच. एनएचई-वनने आत शिरलात तर टॅगनंतर मेथिओनिन, अ‍ॅलनिन, सेरिन आणि मग तुमचं प्रोटीन. म्हणजे दोन छोटी अमिनो आम्लं जास्त, त्यांनी लायपेजचं काही बिघडू नये. दिलेल्या सिक्वेन्समध्ये मी एनएचई-वन आणि एक्सएचओ-वन दोन्ही शोधली. एकही सापडली नाही.

पेटचा नकाशा वाचताना एक मेख आहे आणि ती दरवर्षी कुणाला तरी अडकवते. या नकाशावरचे आकडे एका दिशेने वाढतात आणि टी-७ प्रमोटर (जीनचं वाचन सुरू होण्याची जागा) उलट्या दिशेने वाचतो. प्रमोटर ३७० ला, एनडीई-वन २३८ ला, एनएचई-वन २३१ ला, एक्सएचओ-वन १५८ ला. लहान आकडा आधी असं समजून काही मुलं एक्सएचओ-वन फॉरवर्ड प्रायमरवर लावतात आणि जीन उलटा बसतो. उलटा बसलेला जीन क्लोनिंगच्या सगळ्या तपासण्यांत पास होतो. प्रोटीन मात्र येत नाही. आकड्यांकडे पाहू नका, बाणाकडे पाहा. आणि ए, बी, सी यांतलं कोणतं घ्यायचं यावर तुमच्या लॅबमध्ये वाद झाला असं लिहिलंय. तो फरक बॅम-एचवनपासून पुढे फ्रेम एकेका बेसने सरकवण्यासाठी आहे. एनएचई-वनने शिरून स्वतःच्या स्टॉपने थांबणाऱ्याला तिन्ही सारखेच.

स्टॉपचंही ठरवा. तुम्ही लिहिलंय ‘दोन्ही बाजूंना हिस-टॅग मिळेल’, पण रिव्हर्स प्रायमरमध्ये स्टॉप ठेवलाय. मग मागचा टॅग कधीच वाचला जाणार नाही. मागचा हवा तर स्टॉप काढून शेवटच्या कोडॉनला लगेच सीटीसी जीएजी जोडायचं; ल्युसिन, ग्लुटामेट आणि मग सहा हिस्टिडिन, फ्रेम आपोआप जुळते. माझं मत विचाराल तर एक टॅग पुरे. पुढचा ठेवा, स्टॉप ठेवा. पुढच्या टॅगमध्ये थ्रॉम्बिनची (प्रोटीन कापणाऱ्या एन्झाइमची) साइट आहे, त्यामुळे नंतर तो काढताही येतो. मागचा काढता येत नाही.

आता प्रायमर. फॉरवर्ड प्रायमरमध्ये आधी सहा कुठलेही बेस, मग जीसीटी एजीसी, मग ३२ व्या कोडॉनपासून जीनचे वीस-बावीस बेस. इथपर्यंत कुणी चुकत नाही. चुकतात रिव्हर्समध्ये, म्हणून तो एकदा हाताने करून दाखवते. जीएफपीचं शेपूट घेते, कारण ते मला पाठ आहे (का, ते आता तुम्हाला माहीत आहे):

जीजीसी एटीजी जीएटी जीएए सीटीए टीएसी एएए टीएए

शेवटच्या तिकडीपासून मागे यायचं आणि प्रत्येक तिकडी उलटी वाचून तिचा जोडीदार लिहायचा. टीएए उलटं वाचलं की एएटी, जोडीदार टीटीए. मग एएएचं टीटीटी. टीएसीचं जीटीए. असं करत गेलात की मिळतं:

टीटीए टीटीटी जीटीए टीएजी टीटीसी एटीसी सीएटी जीसीसी

त्याच्या आधी सीटीसी जीएजी, त्याच्याही आधी सहा जादा बेस. झाला रिव्हर्स प्रायमर. सॉफ्टवेअर हे एका क्लिकमध्ये करतं, तरी पहिला प्रायमर हाताने करा. एकदा केलं की ‘रिव्हर्स’, ‘कॉम्प्लिमेंट’ आणि ‘रिव्हर्स कॉम्प्लिमेंट’ या तीन बटणांतला फरक बोटांना कळतो. नुसतं कॉम्प्लिमेंट करून पाठवलेले प्रायमर मी दर दोन-तीन वर्षांनी एकदा पाहते.

टीएम (प्रायमर ज्या तापमानाला डीएनएपासून सुटू लागतो ते) काढताना शेपूट धरू नका. पहिल्या चक्रात टेम्प्लेटला चिकटतो तो फक्त जीनशी जुळणारा भाग. जादा बेस आणि साइट तेव्हा हवेत लोंबत असतात. तुम्ही ३० बेसच्या अख्ख्या प्रायमरचा टीएम ७१ काढलाय आणि त्यावरून तापमान ठरवलंय. बँड आला ही मेहेरबानी. बॅसिलस सबटिलिसच्या डीएनएत जी आणि सी मिळून साधारण ४३-४४ टक्केच आहेत, त्यामुळे चिकटणारा भाग १८ बेसचा पुरणार नाही. २१ ते २४ पर्यंत जा, टीएम साठच्या आसपास आणा, दोन्ही प्रायमरमध्ये तीन-चार अंशांहून जास्त फरक नको. टीएम कोणत्या कॅल्क्युलेटरवर काढायचा? तुमचं पॉलिमरेज (पीसीआरमध्ये डीएनए बनवणारं एन्झाइम) ज्या कंपनीचं, तिच्याच. बफरमधल्या क्षारांप्रमाणे आकडा बदलतो, म्हणून चार संकेतस्थळं चार आकडे देतात आणि मुलं त्यांची सरासरी काढतात. सरासरीला काही अर्थ नाही.

सॉफ्टवेअर तुम्हाला ‘सेल्फ-डायमर’ म्हणून लाल खूण दाखवेल. साइट्स स्वतःच दोन्ही बाजूंनी सारख्या वाचल्या जातात, म्हणजे जीसीटीएजीसी हा दुसऱ्या जीसीटीएजीसीला चिकटणारच. ते प्रायमरच्या सुरुवातीच्या टोकाजवळ आहे, त्याने फारसं बिघडत नाही. काळजी करायची ती ३-प्राइम टोकाच्या, म्हणजे प्रायमर जिथून पुढे वाढतो त्या टोकाच्या, शेवटच्या चार-पाच बेसची. तिथे जुळणी दिसली तर एक-दोन बेस मागे-पुढे सरका.

पॉलिमरेज प्रूफरीडिंगचं, म्हणजे स्वतःच्या चुका सुधारणारं, घ्या. साध्या टॅकने मिळवलेल्या क्लोनमध्ये चूक निघाली की तिसऱ्या आठवड्यात पुन्हा पहिल्या दिवसावर येता.

हे सगळं झाल्यावरही प्रायमर मागवायचे नाहीत. आधी अख्खं क्लोनिंग कॉम्प्युटरवर करायचं. बेंचलिंग शैक्षणिक वापराला मोफत आहे, एपीई मोफत आहे, स्नॅपजीनचा नुसता बघायचा व्ह्यूअर मोफत आहे. काहीही चालेल. जीन उघडा, प्रायमर चिकटवा, पीसीआर प्रॉडक्ट बनवा, दोन्ही एन्झाइमनी कापा, वेक्टर कापा, जोडा. हाती एक नवी गोल फाईल येते. तुमच्या बाबतीत तिचा आकार किती यायला हवा, ते मी हातानेही काढून पाहिलं. वेक्टरमधून एनएचई-वन ते एक्सएचओ-वन असे ७३ बेस जातात, राहिले ५२९६. इन्सर्ट कापल्यावर ५४६ मध्ये एका बाजूला साइटचे पाच आणि दुसऱ्या बाजूला एक बेस मिळून ५५२. बेरीज ५८४८. फाईल याहून वेगळा आकडा दाखवत असेल तर कुठेतरी चुकतंय.

त्या फाईलमध्ये टॅगच्या एटीजीपासून भाषांतर करा आणि अक्षरं डोळ्यांनी वाचा. एम, जी, एस, एस, मग सहा एच, मग एस, एस, जी, एल, व्ही, पी, आर, जी, एस, एच, एम, ए, एस आणि लगेच तुमचा लायपेज. मध्ये कुठे तारा (स्टॉपची खूण) दिसता कामा नये आणि शेवटी एकच तारा हवा. वस्तुमान २१-२२ किलोडाल्टन. आमच्याकडे ही फाईल फोल्डरमध्ये नसेल तर प्रायमरच्या फॉर्मवर मी सही करत नाही. हा नियम जीएफपीनंतरचा आहे.

शेवटची तपासणी फॉर्म भरल्यावर. फॉर्ममध्ये टाईप झालेला सिक्वेन्स तिथूनच कॉपी करून परत सॉफ्टवेअरमध्ये टाका आणि तो जीनला, अपेक्षित जागी, अपेक्षित दिशेला चिकटतो का पाहा. मूळ फाईलमधून नाही, फॉर्ममधूनच. एक बेस कॉपी करताना गळाला तर फ्रेम सरकते आणि कंपनी तुम्ही लिहिलंय तेच बनवून पाठवते. ३५ बेसच्या आतल्या प्रायमरला साधं डीसॉल्टिंग पुरतं, महागडं शुद्धीकरण नको.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या लपवत नाही. तुमच्या आयसोलेटचा सिक्वेन्स तुम्ही याच प्रायमरनी केलेल्या पीसीआरवरून मिळवलाय का? तसं असेल तर जीनची दोन टोकं तुमच्या आयसोलेटची नसून प्रायमरचीच आहेत. शेवटची सहा-सात अमिनो आम्लं डेटाबेसवरून उधार घेतलेली. बहुतेक वेळा चालतं, पण पेपर लिहिताना हे सांगावं लागेल. आतली एनडीई-वनची साइट खरंच आहे का, हे तासाभरात तपासता येतं: आत्ता असलेलं पीसीआर प्रॉडक्ट नुसत्या एनडीई-वनने कापा. साधारण २२० आणि ४२० चे दोन तुकडे पडले तर आहे. एनएचई-वन लॅबमध्ये नसेल आणि मागवायला महिना लागणार असेल, तर साइट न वापरता ओव्हरलॅपवर जोडणारी गिब्सन पद्धत विचारात घ्या. २००९ पासूनची आहे, वेक्टरशी जुळणारे वीसेक बेस प्रायमरच्या शेपटीत द्यायचे आणि आतल्या साइट्सची चिंता संपते. किट मात्र महाग आहे आणि एकाच जीनसाठी मी ते फोडणार नाही. असे दहा जीन करायचे असतील तर आनंदाने फोडेन. एक्सएचओ-वन आत निघाली असती तर मी इन्सर्टला साल-वन लावून एक्सएचओ-वनच्या टोकाला जोडलं असतं. दोघांना टीसीजीएच लोंबतं. फक्त जोड झाल्यावर तो दोघांपैकी कुणालाच कापता येत नाही, ते नकाशात नोंदवून ठेवावं लागतं.

संस्थेच्या जैवसुरक्षा समितीकडे, म्हणजे आयबीएससीकडे, या कामाची नोंद झालीय ना, तेही गाईडना विचारा. विद्यार्थ्यांना वाटतं ते झालेलंच असतं.

बेंचवरचं थोडक्यात. ‘तीनास एक’ हे प्रमाण रेणूंचं आहे, वजनाचं नव्हे. तुम्ही ५० नॅनोग्रॅम वेक्टरला १५० नॅनोग्रॅम इन्सर्ट घातलंय. इन्सर्ट वेक्टरच्या साधारण दहावा हिस्सा आहे, म्हणून ५० ला १६ नॅनोग्रॅम पुरतं. लायगेशन आधी डीएच-५ अल्फा या प्लाझ्मिड वाढवायच्या ई. कोलाय जातीत घाला, थेट बीएल-२१मध्ये नको. जेलमधून बँड कापताना यूव्हीवर रेंगाळू नका. फोटो काढायला शेजारची वेगळी लेन ठेवा.

आणि जुने प्रायमर टाकू नका. तुमचा जुना रिव्हर्स प्रायमर जीनच्या शेवटाला चिकटतो, हे पीसीआरने सिद्धच झालंय. कॉलनी पीसीआर (थेट कॉलनीवर केलेला पीसीआर) करताना त्याच्या जोडीला टी-७ प्रमोटर प्रायमर घ्या. एक प्रायमर वेक्टरवर, एक जीनवर. जीन बसला असेल, तोही सुलटा, तरच ७०० च्या थोडा वर बँड येईल. रिकाम्या वेक्टरला काहीच नाही. असे तीन क्लोन निवडून त्याच टी-७ प्रमोटर प्रायमरने सिक्वेन्सिंगला पाठवा. एका रीडमध्ये टॅगचा जोड आणि जवळजवळ सगळा जीन येतो. शेपूट धूसर आलं तर टी-७ टर्मिनेटरकडून आणखी एक रीड. आलेला सिक्वेन्स त्या ५८४८ च्या फाईलवर ठेवून जुळवा आणि न जुळणारा बेस दिसला तर क्लोनला दोष देण्याआधी क्रोमॅटोग्राम (सिक्वेन्सिंगचा मूळ आलेख) उघडून ते शिखर स्वतः पाहा.